मालिशचा खर्च कसा मोजावा : चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांसाठी

सोलापूर-पुणे महामार्गावर, शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर चिंचोळी एमआयडीसी आहे. टॉवेल, इंजिनांचे सुटे भाग, रसायनं, औषधांचा कच्चा माल असं बरंच काही तिथं तयार होतं. खातं कोणतंही असो, पाळी सुटताना दुखणी त्याच त्या ठरलेल्या जागी असतात. लूमपुढे उभं राहणाऱ्याच्या पोटऱ्या भरून येतात. टॉवेलला कडेची शिलाई मारणाऱ्या बाईची मान आणि खांदे आखडतात. ड्रम, गोणी, गठ्ठे हलवणाऱ्याची कंबर धरते. मग कुणीतरी म्हणतं, "एकदा मालिश करून घे, अंग मोकळं होईल."

सल्ला चुकीचा नाही. अडचण पुढे येते. न्हाव्याकडची चंपी पन्नास-शंभर रुपयांत होते, शहरातल्या स्पामध्ये तासाचे दोन हजार मागतात, आयुर्वेदिक दवाखान्यात सात दिवसांचा कोर्स सांगतात. महिन्याला पंधरा-अठरा हजार हातात पडणाऱ्या माणसानं यातलं काय निवडायचं? इथं दिलेले दर सोलापूरसारख्या शहरातले अंदाज आहेत. जागेप्रमाणे ते वर-खाली होतात, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारावं. एमआयडीसीतून शहरात दुचाकीनं जाऊन-येऊन पेट्रोलचे ऐंशी-शंभर रुपये लागतात, तेही खर्चात धरावेत.

आधी एक गोष्ट पक्की करू. मालिशनं आराम पडतो, पण तो थोडे दिवस टिकतो. कंबरदुखीवरच्या मालिशचे २५ अभ्यास एकत्र तपासणारा, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०१५ मध्ये आला. त्यात वेदना काही काळ कमी होते असं दिसलं, पण लांब पल्ल्याचा फायदा फारसा दिसला नाही, आणि पुरावाही कमकुवत ठरला. म्हणून मालिशचा दर तासावर मोजू नये. किती दिवस बरं वाटलं, त्यावर मोजावा. दीड हजारांच्या तासानं तीन दिवस बरं वाटलं, तर दिवसाला पाचशे रुपये पडले. एवढ्या पैशात फिजिओथेरपिस्टकडची एक भेट होते, आणि तिथं शिकलेला व्यायाम पुढे वर्षभर फुकट करता येतो. हा हिशेब डोक्यात ठेवून पुढचं वाचावं.

कोणती मालिश कशासाठी

न्हाव्याकडची चंपी ही सगळ्यात स्वस्त. दहा-पंधरा मिनिटांचे ५० ते १५० रुपये होतात. डोकं, कपाळ, मानेचा वरचा भाग आणि खांदे चोळले जातात, डोकं हलकं होतं, रात्री झोप चांगली लागते. तेवढ्यासाठी चंपी उत्तम आहे. शेवटी मान झटका देऊन "कट" करून मोडतात, ते मात्र करू देऊ नये. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. अशा झटक्यानं त्यांना इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. खुर्चीत बसतानाच सांगून टाकावं, "मान मोडायची नाही."

तूप लावून काशाच्या वाटीनं तळपाय घासणं आपल्याकडं जुनं आहे. आता त्याची यंत्रंही आली आहेत. प्रदर्शनात, दुकानात पंधरा-वीस मिनिटांचे शंभर-दीडशे रुपये घेतात. दिवसभर सेफ्टी शूजमध्ये कोंडलेल्या पायांना त्यानं खरंच बरं वाटतं. तूप काळं पडलं की "अंगातली उष्णता निघाली, विष निघालं" असं सांगतात, ते खरं नाही. तूप, घाम आणि धातू यांच्या घर्षणानं तो रंग येतो. वाटी एकदा विकत घ्यावी, ती घरात पिढ्यान्‌पिढ्या चालते.

अभ्यंग म्हणजे सर्वांगाला कोमट तेलाची मालिश, आणि त्यानंतर बहुधा वाफ. दवाखान्यात दोन्ही मिळून ६०० ते १,२०० रुपये पडतात. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात अभ्यंग दिनचर्येतच सांगितला आहे, आणि डोकं, कान, तळपाय यांवर विशेष भर दिला आहे. अपचन झालेल्यानं आणि कफाचा जोर असलेल्यानं तो करू नये, हेही तिथंच सांगितलं आहे. सर्दी-खोकला अंगात असताना किंवा डब्यातलं जेवण नुकतंच झालेलं असताना मालिशला बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कटिबस्तीत कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट औषधी तेल धरतात. एका वेळचे ४०० ते ८०० रुपये होतात, आणि सहसा सात दिवस सांगतात. म्हणजे तीन ते साडेपाच हजारांची बाब झाली, शिवाय सात दिवसांचं जाणं-येणं. आखडलेल्या कमरेला शेकाचा आराम मिळतो. मधुमेहामुळे ज्यांच्या कातडीची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तेल किती तापलं आहे ते कळत नाही आणि भाजतं. त्यांनी आधी वैद्यांना तसं सांगावं. शिरोधारेचे, म्हणजे कपाळावर तेलाची धार धरण्याचे, ८०० ते १,५०० रुपये पडतात. कंबरेच्या किंवा खांद्याच्या दुखण्याशी तिचा संबंध नाही. ताण आणि झोप यांसाठी ती घेतात.

सोलापुरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्याला जोडून रुग्णालय आहे. शिकवण्याच्या अशा रुग्णालयांत पंचकर्म विभाग असतो, आणि खासगी दवाखान्यापेक्षा दर सहसा कमी असतात. वेळ जास्त जातो, रांग असते. पण वैद्यांची देखरेख असते, आणि माझ्या मते पंचकर्मातलं काही करायचंच असेल तर पहिली चौकशी अशाच जागी करावी.

आता स्पा. स्वीडिश मालिश म्हणजे तेल लावून लांब, मऊ हातांनी केलेली सर्वांग मालिश. तासाचे १,००० ते २,००० रुपये. अंग सैल पडतं, मन शांत होतं, पहिल्यांदा जाणाऱ्यानं हीच घ्यावी. डीप टिश्यूत कोपर आणि अंगठ्यानं स्नायूंच्या आतल्या थरापर्यंत दाब देतात. दर दोनशे ते पाचशेनं जास्त. खांद्याच्या फऱ्याजवळ गाठी धरलेल्या असतात, त्यांना तिचा उपयोग होतो. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, म्हणून पाळीच्या आदल्या दिवशी ती घेऊ नये. "जितकं दुखेल तितका गुण" ही समजूत सोडून द्यावी. दाब सोसत नसेल तर लगेच सांगावं. थाई मालिशमध्ये तेल नसतं. सैल कपड्यांत, जमिनीवरच्या गादीवर दाब आणि ताण देतात, तासाचे १,२०० ते २,५०० रुपये. ही पारंपरिक थाई पद्धत २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. बसून-बसून आखडलेल्या माणसाला ती बरी. ज्याची कंबर आधीच धरली आहे, त्यानं पिळण्याचे प्रकार टाळावेत. पायाच्या रिफ्लेक्सॉलॉजीला अर्ध्या तासाचे ४०० ते ८०० रुपये घेतात. पाय हलके होतात हे खरं, पण तळव्यावरचा अमुक बिंदू दाबला की मूत्रपिंड सुधारतं, याला आधार नाही.

आणखी एक दावा सगळीकडं ऐकू येतो, की मालिशनं स्नायूंतलं लॅक्टिक ॲसिड आणि शरीरातली घाण निघून जाते. मेहनतीनंतर वाढलेलं लॅक्टेट शरीर स्वतःच तासाभरात निकालात काढतं. घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज विनामूल्य करतात. "डिटॉक्स" नावाखाली जादा पाचशे मागितले तर देऊ नयेत.

तेल घरचं, हात घरचे

तालमीत पैलवान मेहनत झाली की एकमेकांचं अंग चोळून देतात. कुणी कुणाला पैसे देत नाही. चिंचोळीच्या कामगाराला सगळ्यात परवडणारी मालिश हीच, घरात नवरा-बायकोनं किंवा भावानं-भावानं एकमेकांना करून दिलेली.

करडईचं तेल आपल्या भागात घाण्यावर मिळतं. तिळाचंही चालतं. लिटरला तीनशे-चारशे रुपये धरा. एका वेळेला ४० मिली तेल पुरतं, म्हणजे लिटरमध्ये पंचवीस वेळा मालिश होते. एका वेळचे बारा ते सोळा रुपये झाले. महानारायण तेलासारखी औषधी तेलं महाग पडतात, ती सर्वांगाला न लावता दुखऱ्या जागेपुरतीच वापरावीत.

रीत साधी आहे. रसायनांच्या, औषधांच्या किंवा डाईंगच्या खात्यात काम असेल, तर आधी साबणानं अंघोळ करावी. कातडीवर काही उरलेलं असताना त्यावर तेल चोळू नये. तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी, तेल थेट गॅसवर तापवू नये. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून ऊब बघावी. हात-पायाच्या लांब भागांवर लांब हात फिरवावा, गुडघा, कोपर, खांदा इथं गोल. पोटरी खालून वर, टाचेकडून गुडघ्याकडे. कमरेला मणक्याच्या हाडावर दाब न देता त्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड स्नायूंवर तळहाताच्या टाचेनं दाबावं, पाच आकडे मोजावेत, सोडावं, बोटभर वर सरकावं. मानेला दोन्ही बाजूंनी हलकं चोळावं, गळ्याच्या पुढच्या बाजूला दाब देऊच नये. पंधरा-वीस मिनिटं पुरे. मग वीसएक मिनिटांनी डाळीचं पीठ लावून कोमट पाण्यानं अंघोळ. बाथरूमच्या फरशीवर तेल सांडतं, आणि घसरून मोडलेलं हाड कोणत्याही मालिशपेक्षा महाग पडतं.

हे सगळं पाळीनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी करायचं. कामावर निघताना अंगाला-हाताला तेल लावू नये. मशीनवरची पकड सुटते, आणि लूमच्या खात्यात सुताची तूस अंगाला चिकटते. वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढं जातो. तेव्हा तापलेल्या शेडमधून बाहेर पडून लगेच वाफ घेणं टाळावं, आधी पाणी प्यावं, तासभर जाऊ द्यावा.

घरच्या घरी शेकायला दोन-अडीचशे रुपयांची गरम पाण्याची रबरी पिशवी घ्यावी, ती काही वर्षं टिकते. ताज्या कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी शेक आणि मालिश करून पाहावी, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१७ च्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे. जुन्या दुखण्याला मात्र त्यांनी व्यायाम आधी सांगितला आहे.

जुनं दुखणं असेल तर पैसे कुठं घालावेत

तीन महिन्यांहून जास्त चाललेलं दुखणं असेल तर स्पाकडं वळायच्या आधी फिजिओथेरपिस्टकडं जावं. पहिल्या भेटीचे तीनशे ते सहाशे, पुढे दर वेळचे दोनशे ते पाचशे रुपये होतात. तो तपासतो, स्नायूंवर हातानं कामही करतो, आणि मुख्य म्हणजे व्यायाम शिकवतो. काही ठिकाणी नुसतं यंत्र लावून दहा सिटिंग पूर्ण करून घेतात. तिथं स्पष्ट विचारावं, "माझं काम आठ तास उभं राहण्याचं आहे, मला कोणते व्यायाम करायचे ते लिहून द्या." व्यायाम न शिकवणाऱ्याकडं दुसऱ्यांदा जाऊ नये. शहरातल्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, हेच नाममात्र शुल्कात होऊ शकतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ईएसआयची. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा लागू असतो. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. पंधरा हजार वेतनावर तुमचे ११३ रुपये कापले जातात आणि मालक ४८८ भरतो. म्हणजे महिन्याला सहाशे रुपये तुमच्या नावानं आधीच आरोग्यावर खर्च होत आहेत. सोलापुरात या योजनेचं रुग्णालय आहे. तपासणी, औषधं, डॉक्टरांनी लिहून दिलं तर फिजिओथेरपी, यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. दुखणं एवढं वाढलं की कामावर उभं राहवत नाही, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर ७० टक्के वेतन वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतं, वर्गणीचे दिवस पुरेसे भरलेले असले की. आपल्याच पैशानं उभी असलेली ही सोय सोडून माणसं कर्ज काढून सिटिंग घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पगार एकवीस हजारांच्या वर असेल आणि कंपनीचा गटविमा असेल, तर हे ध्यानात ठेवावं की स्पा आणि निसर्गोपचार केंद्रातले उपचार आरोग्यविम्यात बसत नाहीत. आयुर्वेदिक उपचार बसतात, पण सहसा रुग्णालयात दाखल झाल्यावरच.

कधी मालिश करूच नये

एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते आहे, चालताना दुखते आहे, तर तिला हात लावू नये. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. उभ्यानं काम करणाऱ्यांना पोटरीदुखी नेहमीचीच वाटते, म्हणून हा धोका नजरेतून सुटतो. नेहमीच्या थकव्यानं सहसा दोन्ही पाय दुखतात. एकच पाय सुजला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कंबरेतून पायात मुंग्या, पाऊल उचलताना जोर न लागणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काहीही असेल तर मालिश न करता डॉक्टरांकडं जावं. शेवटचं तर आणीबाणीचं आहे, रात्र काढू नये. ताप, ताजा मार किंवा पडल्याची इजा, हाड मोडल्याची शंका, उघडी जखम, कातडीवर पुरळ, रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं, या सगळ्यांत आधी डॉक्टरांना विचारावं. रक्तदाब असेल तर वाफेच्या पेटीत बसण्याआधीही. गरोदरपणात डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीच्या पोटाला मालिशवालीनं हात लावण्याआधी टाके भरल्याचं डॉक्टरांकडून कळायला हवं, आणि बाळाच्या नाका-कानात तेल घालू देऊ नये, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी.

पैसे देण्याआधी

आयुर्वेदिक डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्रातल्या भारतीय वैद्यक परिषदेकडं असते, फिजिओथेरपिस्टची व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडं. नोंदणी क्रमांक विचारण्यात अवघडण्यासारखं काही नाही. स्पात काम करणाऱ्यांना अशी नोंदणी लागत नाही. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असतं, ते पाहावं. ते लोक आराम देतात, निदान करत नाहीत. "तुमची गादी सरकली आहे" असं स्पात कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं.

फोनवरच विचारायचं ते असं : साठ मिनिटं म्हणजे प्रत्यक्ष मालिशची की कपडे बदलणं आणि वाफ धरून? तेलाचे वेगळे पैसे आहेत का? जीएसटी दरात धरलेला आहे की वरून? महिलांसाठी महिलाच मालिश करते ना, दाराला आतून कडी आहे ना? यावर गोलगोल उत्तर मिळालं तर तिथं जाऊ नये.

जीएसटीचा मुद्दा नीट समजून घ्यावा. सलून, स्पा, हेल्थ क्लब अशा सेवांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. दीड हजारांच्या मालिशवर पूर्वी २७० रुपये कर बसायचा, आता ७५. जुना दर लावलेलं बिल कुणी दिलं तर तिथंच हरकत घ्यावी. ज्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, त्याला कर घेताच येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल आणि कर लावला असेल, तर तो देऊ नये. नोंदणीकृत वैद्याच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या उपचारावर जीएसटी नसतोच.

दहा सिटिंगचं पॅकेज एकदम घेऊ नये, सूट कितीही दाखवली तरी. एक घ्या, आठवडा जाऊ द्या, किती दिवस बरं वाटलं ते कॅलेंडरवर खूण करून पाहा. पॅकेज घेतलंच तर मुदत, पाळी बदलली तर तारीख बदलून मिळेल का, आणि पैसे परत मिळण्याची अट, हे बिलावर लिहून घ्यावं. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. बिल मात्र जपून ठेवलेलं हवं.

महिन्याला हजार रुपये खर्चायची तयारी असलेल्या माणसाला मी असं सांगेन : पहिल्या महिन्यात पाचशे तपासणीला आणि व्यायाम शिकायला घाला, चारशेचं तेल आणा, आणि आठवड्यातून दोनदा घरी मालिश करा. दुसऱ्या महिन्यापासून, मन झालं तर, पगाराच्या आठवड्यात एक अभ्यंग किंवा एक स्वीडिश. ईएसआय लागू असेल तर ते पहिले पाचशेही वाचतील. कंत्राटदाराकडं काम करणाऱ्यांनी तर आजच पे-स्लिप काढून बघावी. ईएसआयची कपात होत असेल आणि विमा क्रमांक हातात नसेल, तर उद्या तो मागून घ्या.